उतार केला, पण चढता येत नाही : इंदूरच्या दुकानदारांनी व घरमालकांनी टाळायच्या चुका

राजवाडा किंवा सराफ्याकडच्या जुन्या इमारतींत दुकानाचा ओटा रस्त्यापासून सहज तीन पायऱ्या वर असतो आणि दिव्यांग ग्राहकांसाठी सोय करायचे ठरले, की गवंड्याला बोलावून जमेल तेवढा उतार करून घेतला जातो. चूक इथेच होते. रॅम्पचे प्रमाण 1:12 धरले जाते, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्यांची उंची दीड फूट, म्हणून उतार अठरा फुटांचा हवा. तो पाच फुटांत उरकला तर व्हीलचेअर मागे कलंडते आणि पावसाळ्यात धडधाकट माणूसही घसरतो. पुढे इतकी जागा नसेल तर नगर निगमचा फुटपाथ अडवू नये. बाजूच्या बोळातून सपाट प्रवेश देता येतो का, किंवा उतार दुकानाच्या आत वळवता येतो का, हे आधी पाहावे. (उतार नीट झाला, की त्याच्या तोंडाशी मोटारसायकल लागते, हा अनुभव मात्र सार्वत्रिक आहे.)

‘जागा खासगी आहे, आम्हाला कायदा लागू नाही,’ हा समजही चुकीचा आहे. दिव्यांगजन अधिकार अधिनियम 2016 नुसार लोकांची ये-जा असलेली खासगी इमारतही सार्वजनिक इमारत ठरते. नव्या बांधकामाचा नकाशा सुगम्यतेच्या नियमांत बसत नसेल तर परवानगी मिळू नये, असे कलम 44 सांगते, आणि जुन्या इमारतींना दिलेली पाच वर्षांची मुदत 2022 मध्येच संपली आहे. पहिल्या उल्लंघनाला 10,000 रुपयांपर्यंत, पुढच्या प्रत्येक उल्लंघनाला 50,000 ते 5 लाख रुपये दंड होऊ शकतो. वीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधी धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदे आणि संपर्क अधिकारी नमूद करायचा असतो. ते धोरण कपाटात ठेवायचे नसून संकेतस्थळावर किंवा दर्शनी जागी लावायचे असते.

घर भाड्याने देण्याबाबत स्वतंत्र केंद्रीय कायदा नसला, तरी याच अधिनियमाचे कलम 3 अपंगत्वाच्या कारणावरून भेदभावाला मनाई करते आणि वाजवी सोय, म्हणजे दिव्यांग व्यक्तीच्या गरजेप्रमाणे करता येण्याजोगा बदल, नाकारणे हाही व्याख्येनुसार भेदभावच आहे. ‘तुम्ही जिन्यावर पडलात तर जबाबदारी कोणाची?’ असे विचारून अंध भाडेकरूला परत पाठवणे काळजीचे वाटते, पण ते नाकारणेच असते. मानसिक आजारही कायद्यातील अपंगत्वाच्या 21 प्रकारांत येतो, त्यामुळे औषधांच्या चिठ्ठ्या मागणे किंवा जास्त अनामत सांगणे टाळावे. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवायची असेल, तर खर्च कोणाचा आणि घर सोडताना ती काढायची का, हे तोंडी न ठेवता भाडेकरारात लिहून घ्यावे.

राज्याच्या दिव्यांगजन आयुक्तांकडून पत्र आले, तर ते सल्लावजा समजून बाजूला टाकू नये. त्यांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार असतात. उत्तरात उताराची मापे, छायाचित्रे आणि काम पुरे करण्याची तारीख द्यावी.