गिब रिव्हर रोडला पहिल्यांदा निघताय?

पर्थला नवीन आलं की दुसऱ्या वर्षी सगळ्यांना किंबर्ली, म्हणजे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडचा भाग, आठवतो, गिब रिव्हर रोड तिथलाच, आणि प्रश्न ठरलेला, "आमची एसयूव्ही आहे, चालेल ना?" नुसती एसयूव्ही नाही चालत, उंच फोर व्हील ड्राइव्ह लागते, भाड्याची असेल तर कच्च्या रस्त्याला इन्शुरन्स आहे का ते आधी विचारा, बऱ्याचदा नसतो. डर्बी ते कुनुनुरा साधारण ६६० किमी, गुरांच्या वाहतुकीसाठी बनवलेला रस्ता, मे ते सप्टेंबरच जा, पावसाळ्यात बंद असतो.

आपल्याला सवय असते की पुढे काहीतरी मिळेलच, चहाची टपरी नाहीतर पंक्चरवाला. ती सवय घरी ठेवून या. डर्बीहून माउंट बार्नेटचा पेट्रोल पंप ३०० किमीवर, मधे इमिंजीला इंधन मिळतं पण त्याच्या भरवशावर राहू नका. दोन स्टेपन्या घ्या आणि कच्चा रस्ता लागला की टायरमधली हवा कमी करा, टोकदार दगड आहेत. मोबाईलला रेंज नाही, त्यामुळे सॅटेलाइट फोन किंवा पीएलबी (संकटात मदतीचा सिग्नल पाठवणारं छोटं यंत्र) हवंच. अंधार पडायच्या आत तंबू ठोका, संध्याकाळी गुरं आणि कांगारू रस्त्यावर येतात.

आता मगरी, घरच्यांचा पहिला प्रश्न. विंजाना गॉर्जमध्ये (गॉर्ज म्हणजे नदीची खोल घळ) वाळूत पडलेल्या दिसतात त्या फ्रेशी, म्हणजे गोड्या पाण्यातल्या मगरी, त्रास दिला नाही तर सहसा वाटेला जात नाहीत, तरी लांबूनच बघा. सॉल्टी, म्हणजे खाऱ्या पाण्यातली मगर, मात्र माणूस खाते, आणि ती पेंटेकॉस्ट नदीत असते, जी गाडीने पाण्यातूनच ओलांडायची असते, म्हणून तिथे खोली बघायला पायी उतरू नका, समोरून गाडी येईपर्यंत थांबा आणि ती कुठून येते ते बघा. पोहायचं तर बेल गॉर्ज आणि मॅनिंग, तेही तिथला बोर्ड वाचूनच. मॅनिंगला सुरुवातीलाच नदी पोहून ओलांडायची असते, सामान थर्मोकोलच्या खोक्यात ठेवून ढकलत न्यायचं, मुलांना जाम मजा येते. टनेल क्रीकला टॉर्च न्या, अंधारात गुहेतल्या पाण्यातून चालायचंय. बुनुबा या मूळनिवासी लोकांचा लढवय्या जांदामारा इथेच लपायचा आणि १८९७ मध्ये इथेच मारला गेला, फोटो काढून पळण्याची जागा नाही ती.

जेवणाचं म्हणाल तर पोहे, भाजणी, डाळ-तांदूळ आणि गॅसची शेगडी, चूल पेटवायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. डार्विनकडून येणार असाल तर फळं, मध, कच्चे कांदे-बटाटे राज्याच्या बॉर्डरवर काढून घेतात, बटाट्याची भाजी आदल्या रात्रीच करून टाका.