एमएस्सी केमिस्ट्रीनंतर कॅन्सर संशोधन: आधी डीएमएसओचं बघा

कॅन्सरवर काम करायचं तर केमिस्ट्री सोडून बायोटेकला जावं का, असं एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला बरेच जण विचारतात. अजिबात जाऊ नका. सिसप्लॅटिन हे कॅन्सरचं औषध म्हणजे प्लॅटिनमचा साधा कॉम्प्लेक्स आहे, म्हणजे धातूला इतर रेणू-आयन जोडलेलं संयुग. 1965 मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंवर विजेचा परिणाम तपासत होते, तेव्हा इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनममधून त्याचा माग लागला, आणि 1978 मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. लिगंड, म्हणजे धातूला जोडलेला तो रेणू किंवा आयन, कधी सुटतो, का सुटतो हे कळणारा माणूस या क्षेत्राला लागतोच. पेशी वाढवणं सरावाने हातात बसतं, त्याची धास्ती नको.

धास्ती बाळगायची ती डीएमएसओची, म्हणजे डायमिथाइल सल्फॉक्साइड या द्रावकाची. कॉम्प्लेक्स पाण्यात विरघळत नाही म्हणून लॅबमध्ये सर्रास डीएमएसओत 10 मिलिमोलरचं साठ्याचं द्रावण (स्टॉक) करून फ्रीजरला टाकतात. साध्या सेंद्रिय रेणूंचं यात सहसा बिघडत नाही. पण प्लॅटिनमला गंधक आवडतं, आणि डीएमएसओत गंधक आहे. तो धातूला जोडलेल्या क्लोराइडला ढकलून स्वतः धातूला चिकटतो. सिसप्लॅटिनच्या बाबतीत हे काही तासांतच होतं आणि औषधाचा जोर पार उतरतो. पेशींवर जे घातलं ते तुम्ही बनवलेलं संयुग नसतंच. त्याहून वाईट म्हणजे तुलनेसाठीचं सिसप्लॅटिनही डीएमएसओत केलेलं असेल, तर ते दुबळं पडतं आणि आपला कॉम्प्लेक्स 'सिसप्लॅटिनपेक्षा सरस' दिसतो. अशा आकड्यावर प्रबंधाचं अख्खं प्रकरण उभं राहतं आणि परीक्षकाच्या एका प्रश्नात कोसळतं.

म्हणून सिसप्लॅटिन 0.9 टक्के सलाइनमध्येच करा. त्यातलं सुमारे 154 मिलिमोलर क्लोराइड त्याला धरून ठेवतं. मिलिलिटरला एक मिलिग्रॅमच्या वर जाऊ नका, बाटलीला फॉइल गुंडाळा, आणि फ्रिजमध्ये ठेवू नका, खाली स्फटिक बसतात. स्वतःच्या कॉम्प्लेक्ससाठी आधी डीएमएफ (डायमिथाइल फॉर्मामाइड) हा द्रावक वापरून बघा. डीएमएसओशिवाय गत्यंतरच नसेल तर त्याच द्रावणाचा यूव्ही स्पेक्ट्रम लगेच, 24 तासांनी आणि 48 तासांनी घ्या. वक्र सरकला तर मास स्पेक्ट्रम काढा. क्लोराइड गेलेलं आणि डीएमएसओच्या रेणूचे 78 वाढलेले दिसले की काय घडलं ते कळतंच. एनएमआर डीएमएसओ-डी6 मध्ये काढणाऱ्यांनी तीच ट्यूब दुसऱ्या दिवशी पुन्हा लावावी. एवढं केलंत तर निम्मी लढाई जिंकलात, खरंच.

डीएमएसओचं प्रमाण हा वेगळा घोळ. 10 मिलिमोलर स्टॉकमधून 100 मायक्रोमोलर नेलं की वेलमध्ये, म्हणजे पेशी वाढवायच्या प्लेटमधल्या खळग्यात, 1 टक्का डीएमएसओ जातो, तो एकटाच पेशींना जड पडू शकतो. अर्ध्या टक्क्याच्या आत राहा, 0.1 टक्का उत्तम. पातळ करण्याची साखळी मीडियात (पेशींच्या पोषक द्रावणात) न करता आधी त्याच द्रावकात करा, म्हणजे प्रत्येक वेलमध्ये द्रावक सारखा पडतो. कंट्रोललाही तेवढाच द्या. मीडियात घातल्यावर मायक्रोस्कोपखाली बघा. सुया दिसल्या तर संयुग बाहेर पडलंय, तो आकडा लिहूच नका.

एमटीटीवर, म्हणजे जिवंत पेशी रंग जांभळा करतात त्या चाचणीवर, डोळे मिटून विसंबू नका. थायॉल (गंधक-हायड्रोजन गट) असलेलं संयुग पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतं, तेव्हा बिनपेशींचे वेल ठेवा. 96 वेलच्या प्लेटच्या कडेचे वेल लवकर सुकतात, त्यात नुसतं बफर भरा. खारघरच्या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातली, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमधली औषध-चाचणी सुविधा एसआरबी ही चाचणी वापरते, त्यात पेशींचं प्रथिन रंगतं, हा गोंधळ कमी. तिथे नमुना कोरडी पावडर म्हणूनच न्या. पनवेल लोकलच्या दमट डब्यातून जाणार, म्हणून कुपीला पॅराफिल्म आणि सोबत सिलिका जेल. शुद्धता एचपीएलसीवर 95 टक्क्यांच्या वर हवीच. उरलेलं असेंद्रिय मीठ प्रोटॉन एनएमआरला दिसत नाही, त्यासाठी मूलद्रव्य विश्लेषण करा.

डॉकिंगची, म्हणजे रेणू प्रथिनात कसा बसेल याच्या संगणकी अंदाजाची, रंगीत चित्रं छापून पेपर लवकर निघतात, पण त्या वाटेने जाऊ नका असंच मी सांगेन. चित्रात द्रावक नसतो, क्लोराइड नसतो, पेशीचं पटलही नसतं.

गाइड निवडताना पेपरांची यादी शेवटी बघा. माटुंग्याला (आयसीटी) असो, कलिन्याला (मुंबई विद्यापीठ) की पवईला (आयआयटी), त्या लॅबमधल्या चौथ्या-पाचव्या वर्षाच्या सिनिअरला कँटीनमध्ये गाठा. सर वहीतला कच्चा डेटा बघतात की फक्त तयार आलेख? पेशींचं काम स्वतः करायला मिळतं की नमुने बाहेर पाठवून पीडीएफ येते? फसलेला प्रयोग सांगितला तर ओरडा बसतो का? जिथे ओरडा बसतो तिथे मुलं आकडे लपवायला शिकतात, तिथे नाव कितीही मोठं असो, जाऊ नका. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती हातात असेल तर निवड तुमची असते. 2023 पासून महिना 37,000 मिळतात, घरभाडं वेगळं. पहिल्या खेपेला जेआरएफ हुकली तरी घाबरून मिळेल तो गाइड धरू नका. गेट परीक्षेचा मार्ग आहे, प्रोजेक्टवरच्या जागाही निघत असतात, आणि त्या वर्षात पेशी सांभाळायचा सराव होऊन जातो.