ओपन सोर्स घेण्याआधी बाहेरची वाट तपासा

कंपनीसाठी ओपन सोर्स, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही पाहता, वापरता आणि बदलता येतो असं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलं की लोक माझ्यासमोर फीचर्सचा तक्ता ठेवतात. एका बाजूला उत्पादनांची नावं, वर लांबलचक रकाने आणि प्रत्येकात बरोबरची खूण. मी तो तक्ता बाजूला ठेवते आणि आधी विचारते, काही वर्षांनी हे सोडायचं झालं तर आपला डेटा घेऊन बाहेर कसे पडणार? ज्या सॉफ्टवेअरकडे याचं स्वच्छ उत्तर आहे ते घ्यावं, मग त्यात दोन-चार फीचर्स कमी का असेनात. लहान-मध्यम कंपन्यांच्या सिस्टीम एकीकडून दुसरीकडे हलवणं हेच माझं काम आहे. खाली लिहिलंय ते त्याच कामातलं.

आधी यादी

आज कंपनीत जे जे सॉफ्टवेअर चालतं ते एका शीटवर लिहून काढा. प्रत्येकापुढे त्यात कोणता डेटा आहे, तो कोणत्या फॉरमॅटमध्ये बाहेर काढता येतो, रोज कोण वापरतं, करार कधी संपतो आणि नूतनीकरण नको असेल तर किती आधी कळवावं लागतं, हे लिहा. शेवटच्या रकान्याकडे दुर्लक्ष करू नका. बरेच करार आपोआप पुढे वाढतात, त्यामुळे स्थलांतराचं वेळापत्रक तुमच्या सोयीपेक्षा त्या तारखेवरच जास्त ठरतं.

कर्मचाऱ्यांना दिसत नाही ते आधी बदला: डेटाबेस, सर्व्हरवरची देखरेख, बॅकअप. पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस किंवा प्रोमिथिअस हे देखरेखीचं साधन आल्याचं बाकी ऑफिसला कळतही नाही, आणि तेवढ्या काळात तुमच्या तांत्रिक माणसांचा हात बसतो. त्यानंतर नेक्स्टक्लाउडसारखं फाइल शेअरिंग. ओडू, ईआरपीनेक्स्टसारख्या ईआरपीला, म्हणजे हिशेब, साठा, विक्री एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरला, सगळ्यात शेवटी हात घाला, कारण तिथे सॉफ्टवेअरबरोबर कामाची पद्धतही बदलते.

डेस्कटॉप बदलायचे असतील तर फ्रान्सच्या जांदार्मरी या पोलीस दलाने घेतलेला क्रम मला फार पटतो. त्यांनी २००५ च्या सुमारास विंडोजवरच ओपनऑफिस हा वर्ड-एक्सेलचा पर्याय आणला, मग फायरफॉक्स ब्राउझर आणि थंडरबर्ड हे मेलचं साधन, आणि लोकांना ही साधनं सवयीची झाल्यावर २००८ पासून खालची ऑपरेटिंग सिस्टीम बदलून उबुंटू ही लिनक्सची आवृत्ती बसवायला घेतली. सगळं एकदम बदललं की तक्रार नेमकी कशाबद्दल आहे तेच कळेनासं होतं. एक्सेलमधले मॅक्रो, म्हणजे फाइलीतच लिहिलेले छोटे प्रोग्राम, मात्र वेगळे हाताळा. ओपनऑफिसवरूनच निघालेल्या लिबरऑफिसमध्ये ते जसेच्या तसे चालतील हे गृहीत धरू नका. मॅक्रो असलेल्या सगळ्या फाइली गोळा करा आणि खरोखर चालू असलेल्या कोणत्या ते त्या त्या विभागाला विचारा. चालू असलेल्यांपैकीही बऱ्याच फाइलींचं काम डेटाबेसवरचा एखादा साधा रिपोर्ट करू शकतो.

लायसन्स

पहिल्या फेरीला वकील लागत नाही. कोड जिथे ठेवलेला असतो तिथे लायसन्सची फाइल असते, ती उघडा आणि त्या लायसन्सचं नाव ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या ना-नफा संस्थेच्या मंजूर यादीत शोधा. जाहिरातीत ‘ओपन’ लिहिलेलं असणं पुरेसं नाही.

एमआयटी, बीएसडी आणि अपाचे २.० ही मोकळी लायसन्सं आहेत. मूळ सूचना जपली की जवळपास काहीही करता येतं, आणि अपाचे २.० मध्ये पेटंटच्या वापराची परवानगीही स्पष्ट लिहिलेली असते. सॉफ्टवेअर वाटताना त्याचा कोडही द्यायला लावणाऱ्या जीपीएल या लायसन्सबद्दल कंपन्यांत उगाच भीती आहे. जीपीएल सॉफ्टवेअर तुम्ही फक्त कंपनीच्या आत वापरत असाल, त्यात बदल केले असतील तरीही, तो कोड जगाला द्यावा लागत नाही. ते बंधन सॉफ्टवेअर दुसऱ्याला वाटताना येतं. एजीपीएल एक पाऊल पुढे जातं: तुम्ही कोड बदललात आणि लोक ते सॉफ्टवेअर नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्या लोकांना बदललेला कोड मिळण्याची सोय करावी लागते. ग्राहकांसाठी पोर्टल चालवणार असाल तर हे आधीच डोक्यात ठेवा.

एसएसपीएल आणि बिझनेस सोर्स लायसन्स या दोन लायसन्सांखालचा कोड वाचता येतो, पण वापरावर व्यावसायिक अटी आहेत, आणि दोन्ही त्या मंजूर यादीत नाहीत. तुम्ही ते सॉफ्टवेअर फक्त स्वतःपुरतं वापरत असाल तर या अटींचा त्रास बहुधा होणार नाही. पण उद्या त्याच सॉफ्टवेअरवर सेवा विकायचा विचार असेल, तर इथे मात्र वकिलाला बोलवा.

मालक कोण

मी सर्वात जास्त वेळ या प्रश्नाला देते, कारण लायसन्स आज चांगलं असलं तरी ते बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये एसएसपीएल घेतलं. इलॅस्टिक कंपनीच्या इलॅस्टिकसर्च या शोधाच्या सॉफ्टवेअरने २०२१ मध्ये अपाचे २.० सोडलं. हॅशिकॉर्पने ऑगस्ट २०२३ मध्ये सर्व्हर उभे करायच्या टेराफॉर्म या साधनाला बिझनेस सोर्स लायसन्स लावलं. मार्च २०२४ मध्ये रेडिस या वेगवान डेटाबेसने बीएसडी सोडलं. प्रत्येक वेळी मागे एकच कंपनी होती आणि लायसन्स बदलण्याइतके अधिकार तिच्या हातात होते.

वापरणाऱ्यांचं पुढे काय झालं, यात खरा धडा आहे. जुन्या मोकळ्या कोडवरून नव्या शाखा निघाल्या: इलॅस्टिकसर्चवरून ओपनसर्च, टेराफॉर्मवरून ओपनटोफू, रेडिसवरून व्हॅल्की. ज्यांनी फक्त सर्वसाधारण सुविधा वापरल्या होत्या, त्यांच्यासाठी रेडिसहून व्हॅल्कीवर जाणं तुलनेने सोपं होतं. ज्यांची ॲप्लिकेशन्स कंपनीच्या खास मॉड्यूलवर उभी होती, त्यांना तसं जाता आलं नाही. पुढे इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा ओपन सोर्स पर्याय दिला. तो आनंदाने स्वीकारावा, पण निर्णय पुन्हा त्याच एका कंपनीने घेतला हे विसरू नये.

म्हणून तीन गोष्टी बघा. पहिली, बाहेरच्या माणसाने कोड दिला तर त्याच्याकडून कसला करार सही करून घेतात? असे करार अपाचे फाउंडेशनही घेतं, त्यामुळे करार असणं वाईट नाही. हक्क ना-नफा संस्थेकडे जातात की विक्रेत्या कंपनीकडे, हे पाहायचं. दुसरी, गेल्या वर्षभरातले बदल किती वेगवेगळ्या कंपन्यांच्या माणसांनी केले? कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटच्या इतिहासात ते तासाभरात दिसतं. तिसरी, एखादी अत्यावश्यक गोष्ट फक्त पैशांच्या आवृत्तीत ठेवली आहे का? सिंगल साइन-ऑन (एकाच लॉगिनने सगळीकडे प्रवेश) आणि ऑडिट लॉग (कोणी काय केलं याची नोंद) या दोन गोष्टी नेमक्या तिथे सापडतात, आणि माणसं वाढली की या दोन्हींवाचून चालत नाही.

पोस्टग्रेएसक्यूएलची शिफारस मी करते ती याच कसोटीवर. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही, दरवर्षी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येक आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस. ते सन या कंपनीकडे आणि मग २०१० मध्ये ओरॅकलकडे गेलं, तेव्हा त्याच्या मूळ लेखकांपैकी काहींनी त्यावरून मारियाडीबी ही शाखा काढलेली होती. वाट होती, म्हणून लोक त्या वाटेने जाऊ शकले.

बाहेर पडण्याची तालीम

चाचणी डेमोच्या डेटावर करू नका. आपल्या खऱ्या डेटाची प्रत घ्या, संवेदनशील नावं-नंबर झाका आणि एक पूर्ण महिना त्यात चालवा, म्हणजे महिनाअखेरही त्यात येईल. मग सगळा डेटा बाहेर काढा आणि दुसऱ्या, कोऱ्या मशीनवर पुन्हा उभा करा. ज्याने मूळ बसवलं त्याच्याकडून हे करून घेऊ नका. दुसऱ्या माणसाच्या हातात फक्त लिहिलेल्या सूचना द्या. तो अडखळेल तिथे तुमच्या सूचना अपुऱ्या आहेत.

या तालमीत सापडणाऱ्या गोष्टी ठरलेल्या असतात. डेटाबेसचा डंप, म्हणजे त्यातल्या सगळ्या नोंदींची काढलेली फाइल, म्हणजे संपूर्ण बॅकअप नव्हे. ओडूमध्ये जोडलेल्या फाइली सामान्यतः डेटाबेसबाहेर वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. नेक्स्टक्लाउडला डेटाबेस, फाइलींचं फोल्डर आणि कॉन्फिगरेशन असं तिन्ही लागतं. एन्क्रिप्शन चालू असेल तर किल्ल्याही हव्यातच. मायएसक्यूएलमध्ये जुन्या ‘यूटीएफ८’ सेटिंगमध्ये एका अक्षराला तीनच बाइट मिळतात. देवनागरी त्यात मावते, इमोजी मावत नाहीत, आणि ग्राहकांच्या संदेशांत इमोजी असतातच. ‘यूटीएफ८एमबी४’ आहे याची खात्री करा. तारखा आणि दशांश चिन्हं सीएसव्हीतून जाताना बदलली नाहीत ना, हे एकूण बेरजा जुळवून पाहा. नोंदींची संख्या जुळली तरी रकमा चुकलेल्या असू शकतात.

परत उभं करायला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. सर्व्हर बंद पडल्यावर व्यवस्थापन हेच विचारणार आहे.

सुरक्षा आणि अपडेट

डिसेंबर २०२१ मध्ये लॉगफोरजे या जावाच्या लायब्ररीतली भेग उघड झाली. ती बुजवायला नवी आवृत्ती होती, पण ही लायब्ररी आपल्याकडे कुठे कुठे आहे हेच अनेक कंपन्यांना माहीत नव्हतं. म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअरच्या आतल्या घटकांची यादी, जिला एसबॉम म्हणतात, ती ठेवा. सिफ्ट किंवा ट्रिव्हीसारखं साधन ती काढून देतं. युरोपात डिजिटल उत्पादन विकत असाल तर ही यादी ऐच्छिक राहणार नाही. तिथला सायबर रेझिलियन्स ॲक्ट १० डिसेंबर २०२४ पासून अमलात आहे आणि त्याची मुख्य बंधनं ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात.

मार्च २०२४ मधलं एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाचं प्रकरण वेगळं होतं. दीर्घकाळ काम करून विश्वास मिळवलेल्या एका देखभालकर्त्याने ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार घातलं. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेएसक्यूएलच्या विकासकाला सर्व्हरवर दुरून शिरायच्या एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय हे खटकलं आणि त्याने ते शोधून काढलं. लिनक्सच्या प्रमुख स्थिर आवृत्त्यांपर्यंत ते पोचायच्या आत. कोड उघडा होता म्हणूनच तो इतका खोल जाऊ शकला. आपण यातून घ्यायचं ते इतकंच: उत्पादनातल्या सर्व्हरवर स्थिर आवृत्ती ठेवा, नव्या सुविधांची घाई करू नका, पण सुरक्षेच्या दुरुस्त्या लगेच लावा. बाकीच्या अपडेटसाठी महिन्यातला एक दिवस ठरवा आणि प्रत्येक प्रकल्पाच्या सुरक्षा-सूचना दोन माणसांच्या मेलवर येऊ द्या. एक रजेवर असतो.

एआयचं काय

हाच प्रश्न आता सगळ्यात आधी येतो. स्वतःच्या सर्व्हरवर चालणारी मॉडेल्स आता खरोखर उपयोगी झाली आहेत, आणि गोपनीय कागदपत्रं बाहेर पाठवायची नसतील तर तोच मार्ग मी सुचवते. पण वेट्स, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यांवर चालतं ते, डाउनलोड करता येणं म्हणजे ओपन सोर्स नव्हे. मेटा कंपनीच्या लामा या मॉडेलच्या लायसन्समध्ये मेटाच्या स्वतःच्या अटी आहेत. बोलणं लिहून काढणारं व्हिस्पर आणि डीपसीक आर१ ही मॉडेल्स एमआयटी लायसन्सखाली आहेत. ओपन सोर्स इनिशिएटिव्हने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओपन सोर्स एआयची व्याख्या १.० प्रसिद्ध केली, ती एकदा वाचा.

सुरुवात मीटिंगचं ध्वनिमुद्रण लिहून काढण्यासारख्या कामाने करा, कारण तिथली चूक ऐकून पकडता येते. आपल्या कामातले खरे प्रश्न आणि मान्य उत्तरं यांचा एक संच बनवून स्वतःकडे ठेवा. नवं मॉडेल आलं की तोच संच चालवायचा. मॉडेल चालवायला व्हीएलएलएम किंवा लामा.सीपीपीचा सर्व्हर वापरलात तर दोन्हींचा एपीआय, म्हणजे ॲप्लिकेशनने त्यांच्याशी बोलायची पद्धत, ओपनएआयच्या धर्तीवर असल्याने आतलं मॉडेल बदलताना ॲप्लिकेशनमध्ये फारसं काही बदलावं लागत नाही.

माणसं, पैसे आणि शेवटचा दिवस

लायसन्सचे वाचलेले पैसे नफ्यात धरू नका. त्यातला मोठा भाग प्रशिक्षण आणि सपोर्ट करारावर जातो, आणि जायलाच हवा. एक भाग प्रकल्पाला द्या: वर्गणी, एखाद्या विकासकाचा मोबदला किंवा निदान नीट लिहिलेले बग रिपोर्ट. तुमची बिलं ज्या कोडवर निघतात तो सांभाळणाऱ्यांचं पोट कसं चालतं, हा तुमच्याही धंद्याचा प्रश्न आहे.

बदलाच्या दिवशी जुनी सिस्टीम बंद करू नका, फक्त वाचण्यापुरती ठेवा. दोन्हीकडे नोंदी करायला लावू नका, त्याने लोक थकतात आणि आकडे फाटतात. एक लेखापरीक्षण नव्या सिस्टीमवरून पार पडलं की जुन्याची अखेरची निर्यात दोन ठिकाणी साठवा, त्यातली एक प्रत उघडून पाहा, आणि मगच जुन्या विक्रेत्याकडून डेटा मिटवल्याचं लेखी घेऊन करार संपवा.