कीटोनची बाटली मागवण्याआधी

हाफ मॅरेथॉनची किंवा दोनशे किलोमीटरच्या बीआरएमची (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकल राइड) तयारी करणारे बरेच जण माझ्या मेडिकलवर येऊन मोबाइल पुढे करतात. "ताई, हे मागवू का?" स्क्रीनवर कीटोनची, म्हणजे ताकद वाढवते म्हणून विकल्या जाणाऱ्या पेयाची, छोटी बाटली असते. मी फार्मासिस्ट आहे आणि पहाटे मेहरूण तलावावर पळतेही, म्हणून स्पष्ट सांगते: आत्ता नको. आधी खाणं-पिणं जागेवर आणा. ते बसलं की बहुतेकांना बाटलीची गरज उरत नाही.

पहिलं काम, लेबल वाचा. उपास लांबला किंवा पोळी-भात बंद केला की आपलं यकृत चरबीपासून कीटोन नावाचं इंधन बनवतंच; बाटलीतून तेच बाहेरून मिळतं. पण या नावाखाली वेगवेगळा माल विकला जातो, मुख्यतः एस्टर आणि सॉल्ट. एस्टर महाग, चवीला भयंकर कडू, आणि रक्तातलं कीटोन तासाभरात चांगलंच वर नेणारं. सॉल्ट म्हणजे सोडियम, कॅल्शियमसारख्या क्षारांना जोडलेलं. त्याने पातळी थोडीच चढते आणि क्षार जास्त गेल्याने पोट ढिलं होतं. परदेशी सायकलपटूंच्या ज्या बातम्या आपण वाचतो त्या एस्टरच्या असतात. स्वस्त पावडर दिसली तर ती सॉल्टची आहे का, ते आधी बघा.

आता एस्टरचा तरी फायदा किती? 2016 साली ऑक्सफर्डच्या अभ्यासात कार्बसोबत (कर्बोदकांसोबत) एस्टर घेतलेले सायकलपटू अर्ध्या तासाच्या टाइम ट्रायलमध्ये (घड्याळ लावून पूर्ण जोराने चालवायच्या चाचणीत) सुमारे 2 टक्के जास्त अंतर गेले. सगळा गाजावाजा तिथून सुरू झाला. पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात दुसऱ्या प्रकारचं एस्टर दिलेले सायकलपटू तेवढेच मागे पडले, वर पोटाचा त्रास. 2023 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठात एस्टर घेतल्यावर 20 मिनिटांच्या ट्रायलमध्ये ताकद 2.4 टक्क्यांनी घटली. जोर लावायच्या वेळी स्नायूंना साखर लागते, आणि कीटोन साखरेचा वापर आवरतं, शिवाय रक्त थोडं आम्लधर्मी करतं. मला हे कारण पटतं. व्यायामानंतर घेतलं तर थकवा कमी, असं बेल्जियममधल्या 2019 च्या अभ्यासात दिसलं होतं, पण तीन आठवडे रोज मरणाचा सराव करणाऱ्यांत. आपण नोकरी-शेती सांभाळून पळणारी माणसं. ऑक्टोबर 2025 मध्ये तर यूसीआय या सायकलिंगच्या जागतिक संघटनेनेच सांगितलं, की ठोस पुरावा नाही, म्हणून आहारात हे घ्यायची शिफारस आम्ही करत नाही.

मग जागेवर काय आणायचं? दीड-दोन तासांच्या पळण्यात किंवा राइडमध्ये दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कार्ब. अडीच तासांच्या वर पोटाला सवय लावत 90 पर्यंत. आपल्या जळगावच्या मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम असतात. म्हणजे दीड-दोन तासांसाठी तासाला 750 मिलीची एक बाटली सरबत, अडीच तासांच्या वर सोबत तासाला एक केळं, झालं गणित. सरबताला 45 ग्रॅम साखर काट्यावर मोजा, अंदाजाने चमचे टाकू नका. एक ग्रॅमभर मीठ आणि अर्धं लिंबू. साध्या साखरेत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दोन्ही असतात, आणि आतड्यात दोघांच्या वाटा वेगळ्या, त्यामुळे जास्त साखर पचते. ओआरएसवर भिस्त ठेवू नका: लिटरला त्यात 13.5 ग्रॅमच ग्लुकोज असतं. ते जुलाबासाठी बनवलंय, धुळ्याजवळच्या लालिंग घाटाच्या चढासाठी नव्हे.

पाण्याचं माप स्वतःचं काढा. तासभर पळण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. एक किलो घटलं तर अंदाजे लिटरभर घाम गेला, मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. मेमध्ये पारा 45 च्या आसपास गेला की हा आकडा जानेवारीच्या आकड्याशी जुळत नाही, म्हणून दोन्ही ऋतूंत मोजा. घामापेक्षा जास्त पाणी मात्र ढोसू नका. रक्तातलं सोडियम उतरतं आणि ते जिवावर बेतू शकतं.

एक गोष्ट काउंटरवर मी प्रत्येकाला विचारते: शुगरची गोळी चालू आहे का? डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्यांत कीटोन वाढून रक्त धोकादायक आम्लधर्मी होऊ शकतं, आणि तेव्हा शुगर जवळपास नॉर्मल दिसल्याने कुणाच्या लक्षात येत नाही. अशांनी, इन्सुलिनवर असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी या बाटलीच्या वाटेला जाऊच नये. मळमळ, पोटदुखी, धाप लागली तर थेट डॉक्टर गाठा.

एवढं करूनही हौस असेलच, तर पाकिटावर एफएसएसएआयचा 14 अंकी नंबर बघा. कीटोनवर वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेची बंदी नाही, पण स्पर्धेत उतरणार असाल तर बंदी असलेल्या पदार्थांच्या भेसळीची तपासणी केल्याचा 'इन्फॉर्म्ड स्पोर्ट'चा शिक्का असलेलंच घ्या. रेसच्या दिवशी पहिला घोट नको. ओळखीचा चढ निवडा, आदल्या रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता तोच ठेवा, केळी-सरबतही तेच. एका रविवारी बाटलीसह, पुढच्या रविवारी बाटलीशिवाय, आणि एकदाच्या आकड्यावर न जाता हे पुन्हा करा. वेळेसोबत पोटाचं काय झालं तेही वहीत लिहा. फरक दिसला नाही तर दुसरी बाटली मागवू नका.