मॅरेथॉनची तयारी आणि वजनाचा काटा: या चुका टाळा

मुंबईची फुल मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते. तिथून 16-18 आठवडे मागे मोजले की आपण गणपतीच्या आसपास पोचतो. नेमके तेव्हाच बहुतेक जण दोन संकल्प एकदम करतात: 42 किलोमीटर पळायचं आणि पाच किलो उतरवायचे. ही दोन्ही कामं एकाच वेळी करायला जाऊ नका. वजन उतरवायचंच असेल तर रेस झाल्यावर, फेब्रुवारी ते जूनमध्ये, आठवड्याला फार तर अर्धा किलो या चालीने उतरवा. लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सर्वात लांब पळणं, वाढू लागले की शरीराला पोटभर खाऊ घाला.

हे मी स्वतःच्या नडगीवर शिकले. पळण्याच्या ग्रुपमधल्या एका जुन्या धावपटूने सांगितलं होतं, "तीन किलो कमी कर, पेस (पळण्याचा वेग) आपोआप सुधारेल." मी रात्रीचा भात सोडला आणि पहाटे नुसत्या चहावर 16-18 किलोमीटर पळायला लागले. सहा आठवड्यांत चार किलो उतरले. सगळे कौतुक करत होते आणि सुरुवातीला पेसही खरंच सुधारला होता. डिसेंबरात उजवी नडगी दुखायला लागली. डॉक्टरांनी विचारलं, "नेमकं कुठे?" मी एक बोट ठेवलं, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवर. त्यांचा पुढचा प्रश्न नडगीबद्दल नव्हताच. "पाळी शेवटची कधी आली होती?" मला आठवावं लागलं. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला गेलेला बारीक तडा, निघालं आणि त्या वर्षीची रेस गेली.

आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने 2014 मध्ये या अवस्थेला 'रेड-एस' (खेळाडूच्या शरीरातली ऊर्जेची तूट) हे नाव दिलं. पळण्यात खर्च झाल्यावर उरलेली ऊर्जा रोजच्या कामाला पुरेनाशी झाली, की शरीर काटकसर सुरू करतं. पाळी लांबते, हाडांची डागडुजी मागे पडते, सर्दी-खोकला पाठ सोडत नाही, झोप उडते, चिडचिड वाढते. पुरुषांनाही हे होतं, फक्त पाळीसारखी उघड खूण नसल्याने उशिरा कळतं. अमेरिकेची धावपटू मेरी केन हिने 2019 मध्ये जाहीरपणे सांगितलं, की वजन कमी करण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि तिची पाच हाडं मोडली. सलग तीन महिने पाळी आली नाही किंवा दुखरी जागा एका बोटाने दाखवता येत असेल, तर पळणं थांबवून डॉक्टरांकडे जा. दोन दिवस विश्रांती घेऊन पुन्हा पळून बघू, असं करू नका.

काटा नेमकं काय मोजतो?

रविवारी पळून आल्यावर काटा दीड किलो कमी दाखवतो आणि माणूस खूश होतो. ते पाणी असतं. एक लिटर घाम गेला की एक किलो उतरतो. पुढच्या काही तासांत गेलेल्या प्रत्येक किलोमागे साधारण सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक, लिंबू सरबत, मिठासकट थोडं थोडं घ्या. घाम जास्त यावा म्हणून रेनकोट घालून पळणारे मी पाहिले आहेत. कृपा करून हे करू नका, चरबी घामातून जात नाही. उलट पळून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं, तर वाटेत गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलात. रक्तातलं सोडियम त्याने धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकतं.

आता चरबीचा हिशोब. 60 किलोच्या माणसाच्या 10 किलोमीटर पळण्यात साधारण 600 कॅलरी जातात. एक किलो चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. म्हणजे खाणं तेवढंच ठेवून एक किलो चरबी जाळायला जवळजवळ 128 किलोमीटर पळावं लागेल, पुण्याहून पनवेलच्याही पुढे. तेव्हा एका रविवारच्या रनने काही उतरत नाही आणि त्यानंतरच्या एका मिसळीने फारसं बिघडतही नाही. काटा बघायचाच असेल तर आठवड्यातून तीन-चार सकाळी, उठल्याउठल्या, काही खाण्याआधी बघा आणि सरासरी लिहून ठेवा. एका दिवसाच्या आकड्यावरून जेवण कापू नका.

उपासाचे दिवस

तयारी सुरू होऊन काही आठवडे होतात तोच नवरात्र येतं. नऊ दिवस उपास आणि त्यात 25 किलोमीटरचा लाँग रन, हे जमत नाही. तो आठवडा प्लॅनमध्येच हलका ठेवा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. पळण्याआधी तो चालेल, पण स्नायूंच्या भरपाईसाठी दही, दूध, पनीर, शेंगदाणे, राजगिरा हवेच. एरवीही आपल्या ताटात प्रथिनं कमी पडतात. आपल्या वजनाच्या दर किलोमागे रोज 1.2 ते 1.6 ग्रॅम धरा. आमटीच्या एका वाटीवर ते भागत नाही, म्हणून मी दोन अंडी किंवा उसळीची जास्तीची वाटी ठरवूनच घेते. लाँग रनआधी मात्र एक केळं किंवा गूळपोळीचा तुकडा खाल्ल्याशिवाय घराबाहेर पडू नका.

शेवटचा आठवडा

टेपरमध्ये, म्हणजे रेसआधीच्या हलक्या सरावाच्या दिवसांत, पळणं कमी होतं आणि काटा एक-दोन किलो वर जातो. इथे घाबरून भात बंद करणारे फार. ते वजन स्नायूंत साठलेल्या ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या साखरेचं आणि तिच्याबरोबरच्या पाण्याचं असतं. एक ग्रॅम ग्लायकोजेन आपल्याबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. हाच साठा परतीच्या वाटेवर, शेवटच्या दहा किलोमीटरांत पेडर रोडचा चढ समोर येतो तेव्हा लागतो. शेवटचे दोन दिवस भात, बटाटा, पोहे वाढवा आणि कोशिंबीर, उसळी, तळलेलं कमी करा. आदल्या रात्री मी सातच्या आत मऊ भात, साधं वरण, लिंबू आणि तूप एवढंच जेवते. काटा त्या आठवड्यात कपाटावर असतो.