शाळेतलं भांडण पोलीस ठाण्यात गेलं तर: जूनमध्येच करून ठेवायची तयारी

वह्या-पुस्तकांच्या खरेदीतच एक साधी फाईल घ्या. गॅदरिंगमधली मारामारी, वर्गातून गेलेला मोबाईल, फुटलेल्या काचा, यातून प्रकरण ठाण्यापर्यंत जायला फार वेळ लागत नाही आणि त्या धावपळीत कपाटातला कागद सापडत नाही.

फाईलीत सगळ्यात वर वयाचा पुरावा, कारण पुढचं सगळं कवच १८ पूर्ण न झालेल्या मुलांसाठीच आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ चं कलम ९४ शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी पाहतं. ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आधार कार्ड या क्रमात कुठेच नाही. आता आपल्याकडे निम्म्या वर्गाचा वाढदिवस १ जूनला, म्हणजे नाव घालताना गुरुजींनी टाकला तो! तारीख खरोखर चुकली असेल तर शाळेच्या जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती आत्ताच रीतसर करून घ्या. प्रकरण झाल्यावरच्या दुरुस्तीकडे सगळेच संशयाने बघतात. वय मोजायचं ते घटनेच्या दिवशीचं, हे पालकांनी पाठ करून ठेवावं.

मग मुख्याध्यापकांसाठी. तक्रार लिहिताना डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहा. ‘दहशत’, ‘टोळी’ असले शब्द रागात पडतात आणि पोराला चिकटून बसतात. याच कायद्याखालच्या २०१६ च्या आदर्श नियमांतला ८ वा नियम सांगतो की आरोप घोर गुन्ह्याचा, म्हणजे किमान ७ वर्षं शिक्षेचा, असेल किंवा सोबत प्रौढ आरोपी असतील तरच एफआयआर. बाकी प्रकरणांत पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद करायची आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बाल न्याय मंडळाकडे, म्हणजे मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या मंडळाकडे, पाठवायचा. ताब्यात घेणंही घोर गुन्ह्यापुरतंच. एरवी मुलाच्याच हितासाठी गरज असेल तर. साधी हाणामारी किंवा मोबाईलची चोरी घोर गुन्ह्यात बसत नाही. ‘एक रात्र आत बसू द्या, सुधारेल’ असं सुचवणारे गावात नेहमी असतात. कायद्यात ती सोयच नाही.

मुलासोबत ठाण्यात कोण जाणार, हेही आधी ठरवा. नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळांत हा प्रश्न खरा अवघड, कारण आईबाप कामाला गुजरातेत आणि घरी आजी. म्हणून दोन नातेवाइकांची नावं, फोन नंबर आणि पालकांचं सहीचं किंवा अंगठ्याचं पत्र शाळेत असू द्या. मूल भिली किंवा पावरी बोलत असेल तर दुभाषी मागता येतो. त्या भाषेचे एखादे सर आधीच विचारून ठेवा.

ठाण्यात गेल्यावर ‘साहेब, आमना पोऱ्या तसा नही शे’ एवढ्यावर थांबू नका. मुलांची प्रकरणं हाताळणारा बाल कल्याण पोलीस अधिकारी कोण, ते विचारा. तो साध्या कपड्यांत हवा. बेडी नाही, कोठडी नाही, कबुलीसाठी जबरदस्ती नाही, जबाबावर मुलाची सही नाही. चौकशीच्या वेळी पालक जवळ बसू शकतात. २४ तासांच्या आत बाल न्याय मंडळापुढे उभं करायचं. यात प्रवासाचा वेळ धरत नाहीत, म्हणून सातपुड्यातून निघताना किती वाजले ते लिहून ठेवा. जामीन हा कलम १२ प्रमाणे नियम आहे, गुन्हा अजामीनपात्र असला तरी. नाकारायचा तर मंडळाला कारणं लिहावी लागतात. वकिलाची ऐपत नसेल तर जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. १५१०० (मोफत कायदेशीर मदत) आणि १०९८ (मुलांसाठीची मदत) हे दोन नंबर फाईलीच्या पुठ्ठ्यावरच लिहा.

फोटो मात्र कुणीही गावच्या ग्रुपवर टाकू नये. मुलाचं नाव, शाळा, चेहरा उघड केला तर कलम ७४ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

शाळेनेही आपली हद्द ओळखावी. पोलीस येईपर्यंत पोराला स्टोअररूममध्ये कडी लावून ठेवणं ही शिस्त नव्हे. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नेच बंद केलाय. आठवी पूर्ण होईपर्यंत नाव काढूनही टाकता येत नाही.

१८ पूर्ण झालेल्या कॉलेजच्या मुलांची गोष्ट वेगळी, त्यांना हे कवच नाही. ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटकेची गरज नसेल तर पोलिसांनी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. ती घ्यावी, झेरॉक्स काढावी आणि दिलेल्या तारखेला वेळेवर जावं. टाळाटाळ केली तर अटकेचं कारण आपणच हातात देतो. रॅगिंगच्या आरोपात तर महाराष्ट्राच्या १९९९ च्या कायद्याने २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि दोषी ठरल्यावर ५ वर्षं दुसऱ्या कुठल्या कॉलेजात प्रवेश नाही. तेव्हा अशा पोराने पहिला जबाब देण्याआधीच वकील गाठावा.