सीटो आणि आजोबांचा प्रश्न

साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या अभ्यासिकेत यूपीएससीची तयारी सुरू केली, तेव्हा लष्करी करार म्हणजे पाठांतर अशी माझी पक्की समजूत होती. नेटो १९४९, सीटो म्हणजे आग्नेय आशिया करार संघटना १९५४, बगदाद करार १९५५. टिपणं चार रंगांच्या पेनांनी काढलेली, दिसायला झकास. सराव परीक्षेत ठोकून दिलं, 'सीटोचं संयुक्त सैन्य बँकॉकला तैनात होतं.' तपासणाऱ्याने 'सैन्य'वर लाल गोल करून शेजारी लिहिलं, 'कुठलं?'

बँकॉकला होतं ते मुख्यालय. एकत्र सराव व्हायचे, पण सीटोची स्वतःची खडी फौज कधीच नव्हती.

त्या शनिवारी गावी, आपशिंगे मिलिटरीला गेलो. आजोबा ७१ च्या लढाईतले. ओट्यावर तंबाखू मळत म्हणाले, "पाकिस्तान त्या करारात हुतं म्हणतोस. मग आमच्यासंगं लढताना त्यांच्या मदतीला कोण आलं रं?" मी गप्प. "अमेरिकेचं सातवं आरमार आल्तं म्हणा, बंगालच्या उपसागरात."

परत आल्यावर पहिल्यांदाच कराराचा मूळ मजकूर काढून वाचला. मे १९५४ मध्ये व्हिएतनाममधलं फ्रेंचांचं ठाणं दिएन बिएन फू पडलं, जुलैत जिनिव्हात व्हिएतनामची फाळणी ठरली आणि ८ सप्टेंबरला मनिलात सह्या झाल्या. घाई लपत नाही. आठ सदस्यांत आग्नेय आशियातले दोनच, थायलंड आणि फिलिपिन्स. बाकी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि पाकिस्तान.

खरी गोम चौथ्या कलमात. हल्ला झाला तर प्रत्येकाने आपापल्या घटनात्मक पद्धतीनुसार पाऊल उचलायचं. नेटोच्या पाचव्या कलमातही काय करायचं हे ज्याचं त्यानंच ठरवायचं असतं, पण 'एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा' हे तिथे स्वच्छ लिहिलंय. इथे ते वाक्यच नाही. वर अमेरिकेनं करारातच नोंदवून ठेवलं की आपली बांधिलकी फक्त कम्युनिस्ट आक्रमणापुरती. पाकिस्तानला भीती भारताची, आणि भारत काही कम्युनिस्ट नव्हता! सातवं आरमार धाडलं ते निक्सन सरकारनं, सीटोनं नव्हे. पुढे पाकिस्तान बाहेर पडला आणि १९७७ मध्ये संघटना गुंडाळली गेली.

म्हणून नव्याने बसणाऱ्यांना सांगतो, सालं शेवटी पाठ करा. आधी नकाशा पसरून सदस्य देशांवर टिंबं द्या, मग मदतीचं कलम शोधा, मग कोण कशाच्या भीतीनं आत आला ते बघा. बगदाद करारातून १९५९ मध्ये इराकच निघून गेला आणि त्याचं नाव सेंटो करावं लागलं, हे असं वाचलं की विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही.

सरावाला रशियाप्रणीत सीएसटीओ, म्हणजे सामूहिक सुरक्षा करार संघटना घ्या. जानेवारी २०२२ मध्ये कझाकस्तानात फौजा गेल्या, त्याच सप्टेंबरात आर्मेनियाच्या हाकेला मात्र नुसतं पाहणी पथक. दीडशे शब्दांत कारण लिहा आणि घरातल्या कुणाला तरी वाचून दाखवा. माझे आजोबा अजून दर रविवारी तपासतात.